मीटरपेटीच्या दारामागे

फेब्रुवारी सरत आला की सोहारमधली थंडी
सांगून जात नाही.
एका सकाळी स्वेटर खुर्चीवरच राहतो.

मग मी मेथीच्या वाफ्याशी बसते. तिला शेंगा धरल्यात.
टोमॅटोच्या नुसत्या काड्या,
वर तीन सुरकुतलेली फळं, बुलबुलांच्या वाटणीची.
उपटते. मुळं येतात ती पांढरीफटक.
मूळ पांढरं की मीठ?
बोट जिभेला लावून बघते.
मीठ.

इथल्या मातीला आधी खत द्यायचं नसतं,
आधी तिचा खारटपणा उतरवायचा,
आई खारवलेली कैरी रात्रभर पाण्यात घालायची तसा.
तीन दिवस पाणी, तीन दिवस ऊन,
पुन्हा पाणी.
विश्राम भट्टीवरची रात्रपाळी करून येतो, पाण्याचं बिल बघतो,
बोलत काही नाही,
फक्त फ्रिजवर तो कागद जरा जोरात चिकटवतो.

शेळ्यांचं खत भिंतीपलीकडच्या खलफानकडून.
पैसे घेत नाही. डबा घेतो.
डबा परत येतो तेव्हा त्यात खजूर असतो,
म्हणून मीही चकल्या घालूनच पाठवते.
रिकामा डबा परत करू नये
हे त्याला कुणी सांगितलं असेल?

खजुरीचं झाड आमच्या अंगणात आहे, आमचं नाही.
घरमालकाचं म्हणावं, तर खलफान हसतो.
घर उठायच्या आधी, इथे नुसती वाळू होती तेव्हा
त्यानं ते लावलं.
सत्तरीतला माणूस, कमरेभोवती दोराचा पट्टा,
दातात सुरी, नराचा फुलोरा डिशदाशाच्या खिशात,
आणि चढतो असा की जिना असावा.
वर माद्यांच्या तुऱ्यांत एकेक काडी खोचतो,
झावळीची पट्टी काढून सैलसर बांधतो,
मुलीच्या वेणीला रिबीन बांधावी तसं.
पीठ उडतं. माझ्या केसांत, वाफ्यांत,
दोरीवर वाळणाऱ्या विश्रामच्या शर्टावर.
खाली मी हात वर करून उभी,
तो पडलाच तर झेलणार असल्यासारखी.

वरूनच विचारतो, मोडक्या हिंदीत,
‘फळ जूनमें. तुम है ना जूनमें?’
करार मे महिन्यात संपतो.
मी म्हणते, इन्शाल्ला.
सात वर्षं ऐकला हा शब्द, आज पहिल्यांदा लागला.

मीटरपेटीच्या दारामागे
आमच्या आधीच्या भाडेकरूनं पेन्सिलीनं काही लिहिलंय,
मल्याळममध्ये. मला त्यातले फक्त आकडे कळतात.
सत्तावीस दोन. तीन तीन. पंधरा नऊ.
तीन तीनच्या पुढे एक गोल, शेपटीवाला.
मी दरवर्षी तीन मार्चला दुधी लावते.
दुधी येतोही.
कदाचित ते विजेचं रीडिंग असेल.

या वर्षी भेंडी आणि गवार.
बी नणंदेनं पाठवलंय, औषधाच्या रिकाम्या पाकिटात,
वर अजून छापलेलं आहे: जेवणानंतर एक.
हिरवी जाळी बांधायची राहिलीय,
मागच्या शमालनं फाडली तिथे साडीची किनार शिवलीय.
आणि बादली ठेवायचीय एसीच्या नळीखाली.
चार महिने ती नळी कोरडी होती, तिच्यात कोळी राहत होता.

काल दुपारी विश्रामनं एसी लावला.
आधी धूळ, मग खोकल्यासारखा आवाज,
मग बराच वेळ काही नाही.
मी नळीशी उकिडवी बसून होते,
आणि थेंब आला. मग दुसरा.
चाखला. त्याला कसलीच चव नव्हती.
या गावात बिनचवीचं पाणी म्हणजे काय,
ते भेंडीलाच विचारा.

संध्याकाळी पेन्सिल घेऊन गेले.
त्या मल्याळम ओळींखाली लिहिलं:
भिंतीलगतच्या कोपऱ्यात फार मीठ आहे, तिथे काही लावू नका.
खजुरीचं खलफानला विचारा. डबा रिकामा देऊ नका.
मग वाटलं, येणाऱ्याला मराठी कुठून येणार?
म्हणून शेजारी एक भेंडी काढली.

ती मिरचीसारखी दिसते.
खोडरबर नव्हतं. राहू दिली.